स्वच्छ टाकीतले बेडूकमासे

चाळिशी उलटल्यावर बायकोने पीएचडीला नाव घातलं आणि बेडूकमासे आमच्या जेवणाच्या टेबलावर आले. म्हणजे विषय म्हणून. बेडूकमाशाच्या गळ्यात थायरॉइडची ग्रंथी असते. तिने संप्रेरक सोडलं की त्याला पाय फुटतात, शेपूट जिरते, बेडूक होतो. अंगात शिसं गेलं की हा हुकूम वेळेवर निघत नाही. मी सरकारी नोकरीत असल्याने मला हे चटकन समजलं.

तिच्या प्रयोगशाळेत दोन टाक्या होत्या. एकीत बॅटरीच्या कारखान्यामागच्या नाल्याचं पाणी, दुसरीत नळाचं. नाल्यातले रखडणार, नळातले वेळेत बेडूक होणार, आणि हा फरक म्हणजेच प्रबंध. पण मुदत तीन महिन्यांवर आली तरी दोन्हीकडचे सारख्याच निष्ठेने शेपट्या हलवत होते.

"फरकच नसेल तर नाला निर्दोष आहे असं लिहावं लागेल," ती म्हणाली. "कारखानेवाले माझी मिरवणूक काढतील."

"नळातले आळशी असतील गं," मी धीर दिला. पुढचे दोन दिवस आमचं बोलणं मीठ मागण्यापुरतं झालं.

रविवारी सासरे आले. उभा जन्म प्लंबिंगमध्ये गेलेला माणूस. लेकीचा चेहरा पाहून तिच्याबरोबर प्रयोगशाळेत निघाले. हत्यारांची पिशवी उचलायला जावई होताच. तिथे त्यांनी बेडूकमाशांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट बेसिनखाली वाकले.

"पाणी कधी भरतेस?"

"रोज सकाळी सातला, बाबा. नळाला कुणाचा हात लागायच्या आत. अगदी पहिलं पाणी."

सासऱ्यांनी किल्लीने पाइप खरवडला. मऊ, चकचकीत चरा उमटला.

"शिसं. इमारतीच्या वयाचं. रात्रभर याच्या पोटात मुरलेलं पाणी तू सकाळी त्या पोरांना पाजतेस. जरा आळशी असतीस, दहाला उगवली असतीस, तर बरंचसं वाहून गेलं असतं."

"बाबा!"

"खोड जुनीच आहे. आईवर गेलीस."

पाणी तपासून घेतलं. सासरे बरोबर होते. अहवाल घेऊन ती मुदतवाढ मागायला मार्गदर्शक सरांकडे गेली.

"एकाला दिली की सगळे मागतात," सर चहाचा घोट घेत म्हणाले. "कुठला नळ हा?"

"खिडकीजवळचा, सर. माझ्यानंतर लगेच तुमची किटली भरतात तो."

सरांनी कप खाली ठेवला. सहा महिने जागच्या जागी मंजूर झाले, वर नवा पाइप. तो बसवायचं काम सासऱ्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

तिने नवी अंडी आणली, पुन्हा दोन टाक्या मांडल्या. जुन्या नळपाण्याच्या टाकीच्या नोंदी वाया न घालवता प्रबंधात तिसरा गट म्हणून घातल्या. सातव्या आठवड्यात माझ्या ऑफिसात फोन आला, "अहो, पुढचे पाय आले!" मी ओरडून सगळ्यांना सांगितलं. सेक्शनचं काम थांबलं. फारसा फरक जाणवला नाही.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही तिघं टाक्यांपाशी उभे होतो. नाल्याकडचे अजून शेपट्याच हलवत होते. इकडे दगडावर एक नखाएवढा बेडूक साहेबासारखा बसला होता. सासऱ्यांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"शेपूट कुठे गेली याची?"

"अंगातच जिरली, बाबा."

"चांगलं काम आहे," ते म्हणाले, आणि सांधा गळत नाही ना ते पाहायला बेसिनखाली वाकले.