मयूरीची गोळी

"मान वर कर. उजव्यात अजून आहेत," असं म्हणत प्रल्हादने सरलाच्या पापणीआड उगवलेला केस चिमट्याने ओढला. तिच्या डोळ्यात पाणी आलं नाही. ते यायचं केव्हाच बंद झालं होतं.

लग्नानंतर तिला फिट आली होती. त्यावरच्या गोळीने ताप चढला, तोंड आलं आणि मग भाजल्यासारखी अंगाची कातडी सुटू लागली. लाखात एखाद्याला होतं, असं मुंबईच्या इस्पितळात सांगितलं. ती वाचली. कातडी परत आली, नखंसुद्धा आली. डोळे मात्र सुकत गेले. पापण्यांचे केस आत वळून बुबुळं खरवडत राहिले, त्यांच्यावर पांढरा पडदा चढला. बोर्डीच्या शाळेत ती मराठी शिकवायची. फळ्यावरचं आपलंच अक्षर दिसेना, तेव्हा तिने नोकरी सोडली. आता तिला उजेड कळतो, आणि समोरून कुणी गेलं तर सावली.

गेल्या महिन्यात त्यांची नववीतली मुलगी, मयूरी, शाळेच्या प्रार्थनेत फिट येऊन कोसळली. डॉक्टरांनी तपासण्या करून गोळी लिहून दिली.

"वेगळ्या जातीची आहे," प्रल्हाद समजावत होता. "तुझं सगळं सांगूनच आणलीय."

"मलाही काही होणार नाही म्हणूनच दिली होती."

"मग काय करायचं? पोरगी सायकलवरून रेल्वेचं फाटक ओलांडते."

"सायकल बंद करू."

"गोळी नको, सायकल नको," मयूरी आतून म्हणाली. "मग मी पण तुझ्यासारखी घरात बसू?"

गोळ्यांची पट्टी फ्रिजवर तशीच पडून राहिली.

रविवारी दुपारी प्रल्हाद डहाणू रोड स्टेशनात तिकीट खिडकीवर ड्युटीला होता. स्वयंपाकघरात पातेलं पडलं. सरलाने हाक मारली. उत्तर आलं नाही. फरशीवर टाचा आपटल्याचा आवाज येत होता. ती भिंत धरून धावली, सांडलेल्या डाळीवरून घसरली आणि रांगतच मुलीपर्यंत पोचली. तिला कुशीवर वळवून तिने तिच्या डोक्याखाली मांडी दिली. तोंड चाचपलं तेव्हा बोटांना काहीतरी कोमट, चिकट लागलं. डाळ की रक्त, तिला कळेना. तिने बोटं जिभेला लावली. रक्त होतं.

झटका थांबल्यावरही मयूरी बराच वेळ तिला ओळखत नव्हती.

संध्याकाळी सरलाने ती पट्टी मागून घेतली. गोळी स्वतः पट्टीतून काढून मुलीच्या तळहातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत तिच्या गळ्यावर हात ठेवून बसली.

आता रोज सकाळी गणवेश घालण्याआधी मयूरी आईपुढे पाठमोरी बसते. सरला मानेपासून बोटं फिरवत खाली येते. एका जागी ती थांबतात.

"घामोळं आहे, आई."

"तोंड आलंय का?"

"नाही."

"डोळे चुरचुरतात?"

"नाही गं."

"अहो, लाल आहेत का बघा तिचे."

प्रल्हाद मुलीचं तोंड खिडकीकडे वळवतो. नीट बघतो.

"पांढरे आहेत," तो म्हणतो.

सरला मान हलवते आणि पुन्हा मानेपासून सुरुवात करते.