पिकअपचे दोन अर्थ

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. माझा लाल रंग आता विटकरी झालाय, पण नवी होते तेव्हा बेल्याच्या रस्त्यावर लोक थांबून माझ्याकडे बघत. शाळेत कारकून म्हणून लागल्यावर खुशालरावांनी मला हौसेने घरी आणलं. पुढे त्यांची मुलं मोठी झाली, दारात स्कूटी आली आणि मी गोठ्याशेजारी उभी राहिले. माझ्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या.

खुशालरावांची बायको मनकर्णाबाई एका वर्षी दहावीच्या परीक्षेला बसली होती. आधी दोनदा तिचा इंग्रजीनेच घात केला होता. पेपरच्या सकाळी नेमकी स्कूटी पंक्चर निघाली आणि मला बाहेर काढलं.

वाटेत खुशालराव तिची इंग्रजीची उजळणी घेत होते.

"पिक अप म्हंजे उचलणं. अन् पाहून पाहून शिकणं, थेबी पिक अपच."

"एकाच शब्दाले दोन अर्थ काऊन ठेवले जी?"

एवढ्यात कपाशीच्या वावरातून बैलबंडी अचानक रस्त्यावर आली. खुशालरावांनी मला कडेला घेतलं, चिखलात चाक सरकलं आणि आम्ही तिघंही आडवी झालो. मनकर्णाबाईला खरचटलंसुद्धा नाही. खुशालरावांचा मात्र घोटा मुरगळला.

"गेला तुया पेपर," ते कळवळून म्हणाले.

मनकर्णाबाईने पदर खोचला आणि मला हिसका देऊन उभं केलं.

"बसा मांगं."

"तुले येते?"

"इतके वर्सं मांगं बसून काय डोळे मिटून राह्यली होती?"

पहिल्या गिअरला मी जोरात उसळले, दुसऱ्याला बंद पडले. पण तिने पुन्हा किक मारली. मग मीही जीव एकवटून धावले. मागून खुशालराव हसत म्हणाले, "मनू, आता समजला का दुसरा अर्थ?" मनकर्णाबाईचं सगळं लक्ष रस्त्यावर होतं.

मावल्याच्या परीक्षा केंद्राचं फाटक बंद होता होता ती आत शिरली. त्या वेळी ती पास झाली. नंतर रीतसर लायसन काढलं, आणि आता आम्ही दोघी रोज अंगणवाडीत तिच्या कामावर जातो. दर रविवारी ती स्वतः माझ्या चेनला तेल घालते. मी सुखात आहे.

मित्रांनो, जुनी गाडी गंजू देऊ नका. पुसा, तेल द्या. आणि तुमच्या घरात कुणी कायम मागेच बसत असेल, तर एकदा हँडल त्यांच्या हाती देऊन बघा.