दर्याच्या पोटातला दगड

बिट्रिसची जीभ तिखट, हे खाडीकाठच्या कोळीवाड्यात शेंबडं पोरही सांगेल. पण नवरा बुडून गेल्यावर दोन लेकरं तिनं जिभेवर नाही, हातांवर वाढवली. नवऱ्यामागं तिला उरलं होतं एक जाळं, आणि ते बांधायला ठाण्याच्या रेल्वे पुलाजवळ, भर ओढीच्या पाण्यात रोवलेले दोन खुंट. ती जागा होती म्हणून चूल पेटत होती. जागा गेली की चूल विझली.

वाड्यात निम्मे हिंदू कोळी, निम्मे किरिस्तांव. देव वेगळे, पण दर्याचा रिवाज एकच. नारळी पौर्णिमेला आधी पाटलांच्या होडीतून नारळ पडायचा, मग पाटलांचं जाळं, मग बाकीच्यांची. अठराशे त्र्याऐंशीच्या श्रावणात बिट्रिसला तेवढा धीर निघाला नाही. पौर्णिमा तोंडावर आलेली, पण घरातले सुके बोंबील संपले आणि तिनं सरळ जाळं टाकलं. पंढरी पाटील तेव्हा नुसतेच गुरगुरले.

पौर्णिमा झाली, नारळ पडला, आणि थोड्याच दिवसांत दर्याला वेड लागलं. भरदिवसा भरतीचं पाणी येता येता उलटं फिरलं आणि खाडीचा तळ उघडा पडला. चिखलात मासे तडफडू लागले. देवाच्या कोपाला भिऊन कुणी घरात बसलं म्हणता? छे! टोपल्या घेऊन अख्खा वाडा धावला, आणि सगळ्यांत मोठी टोपली होती पाटलीणबाईंची, गोदूबाईंची. पाणी परत उसळून आलं तेव्हा सगळ्या बाया काष्टे भिजवीत काठावर पळाल्या. त्या दिवशी घरोघरी कालवण शिजलं. पाटलांनी दोनदा वाढून घेतलं.

पुढं दिवाळी सरली आणि मावळतीचं आभाळ रोज रक्तासारखं लाल होऊ लागलं. दिवस बुडाला तरी लाली जाईना. मग मात्र लोकांना खाल्लेले मासे विसरून कोप आठवला. पंचायत बसली.

"नारलाआधी जालं टाकलंस," पाटील म्हणाले. "दर्या खवललाय. खुंट उपट. ती जागा आता माज्या रतनची." रतन त्यांचा थोरला मुलगा.

"दर्या माज्यावर खवललाय, तर मासं तुमच्या टोपलीत कशाला घातलं?"

कुणीतरी हसलं, पण पाटलांनी डोळे वटारताच गप्प झालं. बिट्रिस खुंट उपटेना, तेव्हा रतननं ते उपटले. तिनं परत रोवले. त्यानं परत उपटले आणि जाळंही फाडलं. ते जाळं तिनं आपल्या दारात बसून शिवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. आत संताप उसळत होता, रडूही येत होतं. पण पाटलांच्या घरावरून जाताना तिनं मान खाली घातली नाही.

नाताळाच्या तोंडावर तिचा भाऊ इनास घरी आला. तो आगबोटीवर खलाशी. बहिणीची कथा ऐकली आणि बोचकं काखेत मारून तो तसाच पंचांपुढं जाऊन उभा राहिला.

"जावा बेटांकडं व्हतो मी. तिकडं बेटांची माळच हाय. भुई सारखी हालते. दर्याच्या पोटात आग हाय आग! त्यातला एक डोंगर फुटला, गावंच्या गावं पान्यानं नेली. त्याच दिसांत तुमच्या खाडीचं पानी फिरलं. माजी बहीन ठान्यात जालं टाकते म्हनून तिकडं डोंगर फुटतोय व्हय?"

"थापा मारतो," पाटील म्हणाले.

इनासनं बोचक्यातून डोक्याएवढा एक दगड काढला. भोकाभोकांचा, राखेच्या रंगाचा. "डोंगर फुटल्यावर असले दगड दर्यावर पसरलेले. आमची बोट त्यांतूनच वाट काढत आली." त्यानं घंगाळ मागवलं आणि दगड पाण्यात सोडला. दगड तरंगला.

सगळे घंगाळावर वाकले. इनासला वाटलं, पटलं यांना. पण पाटलांना भलतंच काही दिसलं होतं. ते ताडकन उठले आणि त्यांनी हात जोडले.

"रामाच्या सेतूचा दगड!"

झालं! जावा राहिलं जावात. गोदूबाईंनी लगबगीनं दगडावर हळदकुंकू वाहिलं. पाटलांचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला. "बिट्रिस, ह्यो देवलात ठेवू. तू दगड दे, तुजी जागा तुला."

क्षणभर तिला हो म्हणावंसं वाटलं. भांडण मिटत होतं, लेकरं सुखानं जेवली असती. मग तिच्या मस्तकात तिडीक गेली. स्वतःच्याच जागेची भीक?

"जागा माजीच हाय, पाटील. माजीच वस्तू मला देऊन वर दगड मागताय? नाय देत!"

तिनं दगड उचलला, हळदकुंकवासकट, आणि थेट खाडी गाठली. ही रागात तो फेकून देणार, असं इनासला वाटलं. पण तिनं भावाला हाताशी घेऊन दोन्ही खुंट होते तिथंच रोवले, जाळं बांधलं, आणि जाळ्याच्या तोंडाशी जिथं लाकडाचा ओंडका तरंगत ठेवतात, तिथं दोरीनं तो दगड अडकवला.

सकाळी रतन कोयता घेऊन होडीतून आला. हळदकुंकू ल्यालेला दगड पाण्यावर डुलत होता. रतनचा कोयता वर गेला आणि तिथंच राहिला. मागून पाटलांची होडी आली.

काठावर बिट्रिस कमरेवर हात ठेवून उभी होती. "काय पाटील, उपटा की!"

पाटलांनी तिच्याकडं खाऊ की गिळू असं पाहिलं. दगडाकडं पाहिलं. मग त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

त्या दिवसापासून मासेमारीला निघताना पाटलांची होडी बिट्रिसच्या खुंटांना प्रदक्षिणा घालूनच पुढं जायची.