अकरा मिनिटांची समाधी

प्रयोगशाळेतून बोलावणं आलं, तेव्हा ध्यानवर्ग घेणाऱ्या सरांनी ते पत्र सकाळच्या तुकडीला वाचून दाखवलं आणि संध्याकाळच्या तुकडीलाही. ध्यानाच्या वेगवेगळ्या पद्धतींनी मेंदूतल्या लहरी कशा बदलतात, शरीर किती सैलावतं, हे तिथे तपासणार होते, आणि वर्षानुवर्षं बसणारी माणसं त्यांना हवी होती. "वीस वर्षं मी तोंडाने सांगतोय, आता यंत्र सांगेल," सर म्हणाले.

यंत्र चालवणाऱ्या बाई चाळिशीच्या होत्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी सरांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली आणि केसांत जागोजागी गार जेल भरलं.

"तीनदा बसायचंय. आधी श्वासावर लक्ष, मग मनात एकच शब्द घोळवायचा, शेवटी सगळ्यांचं भलं चिंतायचं. प्रत्येकी पंधरा मिनिटं. डुलकी येतेय असं वाटलं तर बोट वर करा, आपण थांबू."

"डुलकी?" सर हसले. "अहो बाई, मी बसलो की समाधीतच जातो. तुमचं यंत्र दमेल."

श्वासाची पाळी कशीबशी गेली. पडद्यावर काय उमटत असेल, हाच विचार सारखा डोकं वर काढत होता. दुसऱ्या पाळीत मात्र शब्द घोळवता घोळवता सगळं विरून गेलं. खांद्यावर हलकेच हात पडला तेव्हा बाई पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. सरांची हनुवटी ओली झाली होती. त्यांनी ती घाईघाईने बाहीला पुसली. बाई तोवर पाठ फिरवून तारा नीट करू लागल्या होत्या.

"फार खोल गेलो होतो," सर म्हणाले.

"हं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिसरी पाळी सुरू केली.

आठवड्याने निकाल पाहायला सर गेले ते वर्गातल्या पोस्टमास्तरांना सोबत घेऊन. हे निवृत्त गृहस्थ सरांचे सर्वांत जुने शिष्य, आणि त्यांना सांगितलं की गावभर होतं. तपासणीच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर रेषा उघडल्या. यंत्रवाल्या बाई बाजूला उभ्या होत्या.

"डोळे मिटून निवांत बसलं की अशा संथ, एकसारख्या लाटा येतात, त्या अल्फा. ही श्वासाची पाळी. इथे त्या कमी आहेत, आणि जबडा आवळलेला दिसतो." त्यांनी पुढचं पान उघडलं. "आणि हा शब्दाचा जप. इथे अल्फा मोडल्या, लाटा मंद झाल्या, मधूनमधून हे झुपके दिसतात ना? ही झोपेची खूण. अकरा मिनिटं तुम्ही चक्क झोपला होतात, सर."

पोस्टमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सरांचे कान तापले.

"शक्यच नाही," ते म्हणाले. "टोपी सैल होती. मी तसं बोललोही होतो. आणि या बाई तर फोन घ्यायला बाहेर गेल्या होत्या."

वाक्य तोंडातून निघून गेलं, आणि ते आपणच बोललो याचं सरांनाच नवल वाटलं. बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"रेकॉर्डिंग चालू असताना बाहेर?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. गेल्याच महिन्यात कुणाच्या तरी हलगर्जीपणाने दोन नोंदी वाया गेल्या होत्या.

"नाही, मॅडम. मी खोलीतच होते."

"उद्यापासून तुम्ही फायली बघा. यंत्रावर मी दुसरं कुणी बसवते."

सर घोरत होते, लाळ गळत होती, एवढं यंत्रवाल्या बाईंनी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी म्हटलं नाही. परतीच्या वाटेवर पोस्टमास्तर यंत्रांच्या भरवशाविषयी तावातावाने बोलत होते, आणि सर चपलांकडे बघत चालले होते.

"काय म्हणालं यंत्र?" घरी आल्यावर बायकोने विचारलं.

"बिघडलं होतं."

"बरं झालं बाई. मला वाटलं, आता तुमचं घोरणं कागदावर येणार."

"कसलं घोरणं?"

ती भाजी चिरत होती, हात थांबला नाही. "अहो, वर्गात सगळ्यांना डोळे मिटायला लावता आणि पाच मिनिटांत तुम्हीच घोरायला लागता. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी स्वयंपाकघरातून येऊन पंखा मोठा करते. इतकी वर्षं करतेय."

"मला कधी बोलली नाहीस?"

"चारचौघांत तुमचा मान आहे. कशाला बोलू?"

सर आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसले. दोन बायकांनी त्यांची अब्रू झाकली होती. त्यातल्या एकीला त्यांनी तोंडघशी पाडलं होतं. संध्याकाळच्या तुकडीला त्यांनी बरं नसल्याचा निरोप धाडला. तेही खोटंच होतं.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीच ते प्रयोगशाळेच्या पायरीवर हजर होते. डॉक्टरीणबाईंसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं, "टोपी घट्ट होती. बाई जागेवरून हलल्या नव्हत्या. मी झोपलो होतो. शिष्यासमोर लाज वाटली, म्हणून खोटं बोललो."

डॉक्टरीणबाईंनी हातातली पर्स टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "झोप लागण्यात गुन्हा नव्हता, सर. निम्म्या लोकांना लागते. आम्ही तेवढा भाग वगळतो आणि पुढे जातो." त्यांनी बाईंना आत बोलावलं, यंत्रावर परत जायला सांगितलं आणि स्वतः माफी मागितली.

बाहेरच्या बोळात सरांनी बाईंना हात जोडले. "चुकलं माझं."

"मला दोन मुली आहेत, सर," बाई म्हणाल्या. "काल घरी जाऊन त्यांना काय सांगू, तेच कळत नव्हतं. आज सांगेन." आणि त्या आत निघून गेल्या. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. विचारायचा धीर सरांना झाला नाही.

त्या संध्याकाळी सरांनी वर्गाला सगळं सांगितलं. बाईंवर घेतलेला आळही सांगितला. तो पहिल्यांदा मागच्यांना ऐकूच गेला नाही, म्हणून दोनदा सांगावा लागला. पोस्टमास्तर उठले, चपला घालून निघून गेले, ते परत आले नाहीत. आणखी सहा-सात जण गळाले. उरलेल्यांपैकी एका शिंपिणीने विचारलं, "मग आज बसायचं का नाही?"

"बसू या," सर म्हणाले. "मला डुलकी लागली तर हलवा."

सगळ्यांनी डोळे मिटले. सरांना मात्र बराच वेळ डोळे मिटवेनात.