‘फर्मे’वरची मात्रा

शुक्रवार, महिन्याची सतरा तारीख, सकाळचे सव्वाअकरा. स्थळ, एका कर-सल्लागाराची दुसऱ्या मजल्यावरची कचेरी. खिडकीला गज, भिंतीशी फायलींची तीन कपाटे, मधोमध काचेचे टेबल. त्या टेबलाखाली, माझ्या मालकाच्या दोन पावलांमध्ये ठेवलेल्या कापडी पिशवीत, मी हजर होतो. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे घडले ते माझ्या पाठीमागे घडले असे कोणी म्हणू नये.

मी एक जुना फर्मा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी फर्मा पाहिलेला नसेल, आणि तो तुमचा दोष नाही. जोडे शिवणारा कारागीर ज्या लाकडी पावलावर चामडे ताणून जोड्याला आकार देतो, त्या पावलाला फर्मा म्हणतात. बाजारातले फर्मे आकड्यांचे असतात. कोणी सातचा, कोणी आठचा. मी आकड्याचा नाही, माणसाचा आहे. एका परिचारिकेच्या डाव्या पायाचा.

लहानपणी तिचा तो पाय गाडीच्या चाकाखाली सापडला होता. दोन बोटे गेली, आणि टाच कायमची पाव इंच वर राहिली. एकोणिसाव्या वर्षी, रुग्णालयातल्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, ती दुकानात आली तेव्हा तिच्या पांढऱ्या जोड्यात कापूस कोंबलेला होता आणि कापूस लाल झाला होता. मालकांनी तिचा पाय मांडीवर घेतला, बराच वेळ पाहिला.

“कोणाच्या हाती लागला होता गं हा?”

“चाकाच्या, काका.”

“चाकाला काय अक्कल असते? बस इथे.”

गोदामाच्या एका मोडीत निघालेल्या दाराची चौकट त्यांनी घेतली आणि तीन दिवसांत तीतून मला काढले. पण तो झाला माझा केवळ जन्म. पाय ही जिवंत वस्तू आहे. तो वयाबरोबर बदलतो. दर दोन-अडीच वर्षांनी ती येई, नवा जोडा घालून दुकानात चालून दाखवी, आणि मालक तिच्या चालण्याकडे पाहून माझ्यावर चामड्याचा एक पातळ तुकडा चिकटवत व शेजारी पेन्सिलीने तारीख लिहीत. सव्वीस वर्षांत असे अकरा तुकडे झाले. ते अकरा तुकडे म्हणजेच मी. लाकूड काय, ते कोणाकडेही असते.

त्या जोड्यांवर ती दिवसाचे दहा तास वॉर्डात उभी राहिली. एकदा एका तरुण डॉक्टराने विचारले, “सिस्टर, कोणत्या कंपनीचे बूट हे?” ती म्हणाली, “कंपनी नाही, काका आहेत.” हे तिने दुकानात येऊन सांगितले तेव्हा मालक दिवसभर शीळ घालत होते. माझ्या वाट्याला आलेली स्तुती ती एवढीच, पण ती मला आयुष्यभर पुरली असती.

मग मालकांनी सत्तरी ओलांडली. नजर मंदावली, हात कापू लागला, आणि त्यांनी दुकान विकायचे ठरवले. घेणारा दोन शोरूमचा धनी होता; त्याला कोपऱ्यावरची जागा हवी होती, यंत्रे हवी होती, नाव हवे होते. मालकांची अट एकच होती. दुकानात आम्ही तीनशे बारा फर्मे होतो, आणि त्यांपैकी चाळीसेक माझ्यासारख्या अडचणीच्या पायांचे. आम्ही सगळे मालकांकडेच राहणार, आणि हात चालेल तोवर ते घरच्या खिडकीपाशी बसून त्या चाळीस जणांचे जोडे करणार. खरेदीदार दुकानातच, माझ्यासमोर, हसून म्हणाला होता, “न्या हो काका ती लाकडं! मला काय चूल पेटवायचीय?”

हे शब्द ध्यानात ठेवा.

तर त्या शुक्रवारी मालक मला पिशवीत घालून निघाले होते ते खरे तर सिस्टरांकडे. बारावा तुकडा लावायचा होता. कचेरी वाटेत होती, आणि खरेदीदार तिथे आधीच येऊन बसला होता. सल्लागार मोठ्या उत्साहाने समजावत होता, “दोन रस्ते आहेत, काका. एक, अख्खी फर्म विकायची. मग फर्मच्या मागची सगळी पिलावळ यांच्या गळ्यात. जुना कर निघाला तर यांचा, जुनं देणं निघालं तर यांचं, उद्या कोणी दावा लावला तर तोही यांचाच.”

“मला म्हशीचं दूध हवंय, तिचा दवाखाना नको,” खरेदीदार म्हणाला.

“मग दुसरा रस्ता. फर्म काकांकडेच राहील. तिच्यातल्या वस्तू आणि नावलौकिक तेवढा विकायचा, यादी करून.”

त्यानंतर किंमत कशाच्या नावावर किती दाखवायची यावर पाऊण तास गेला. यंत्रांची किंमत जास्त दाखवली की खरेदीदाराला दरवर्षी घसारा मिळून कर वाचतो. नावलौकिकाची जास्त दाखवली तर मालकांना कर कमी बसतो. माझ्या मालकांचा बेचाळीस वर्षांचा नावलौकिक एकदा अठरा टक्के झाला, एकदा तीस, आणि चहा आल्यावर पंचवीसवर मिटला. मी खाली पिशवीत पडून हे ऐकत होतो. ज्या वस्तूमुळे तो लौकिक झाला, ती वरच्या हिशेबात कुठेच नव्हती.

शेवटी मालकांनी स्वतःच्या हस्ताक्षरातली यादी पुढे केली. तिची शेवटची ओळ होती, ‘फर्मे सोडून दुकानातील सर्व साहित्य.’

“ही ओळ तेवढी नीट घ्या,” मालक म्हणाले.

“घेतली, घेतली,” सल्लागार म्हणाला. त्याच्या कानाला फोन होता.

मित्रांनो, त्या क्षणी मालकांनी वाकून मला पिशवीतून काढले असते आणि त्या काचेवर आपटून म्हटले असते, “हा फर्मा,” तर पुढचा अनर्थ टळला असता. पण प्रामाणिक माणसाला वाटते की आपण लिहिलेला शब्द सर्वांना ठाऊकच असतो.

यादी टंकलेखिकेकडे गेली. ती त्या कचेरीतली सर्वांत काळजीपूर्वक काम करणारी बाई, हे मी मुद्दाम सांगतो. सकाळपासून तिच्या हाताखालून शंभर वेळा ‘फर्म’ हा शब्द गेला होता. ‘फर्मा’ तिने जन्मात ऐकला नव्हता. तिला वाटले, म्हाताऱ्या गृहस्थांकडून मात्रा जास्तीची पडली. तिने ती काढून टाकली. ‘फर्म सोडून दुकानातील सर्व साहित्य.’ वाक्य किती सुरेख बसले! फर्म विकायची नव्हतीच. तिने चूक केली असती तर कोणाला तरी खटकली असती. तिने चूक दुरुस्त केली, म्हणून कोणालाच खटकली नाही.

आठ दिवसांनी सह्या झाल्या. सल्लागाराने अकरा पाने आगगाडीच्या वेगाने वाचली. बेचाळीस वर्षे हातोडी ऐकलेल्या मालकांच्या कानांनी ‘फर्म सोडून’ हे ‘फर्मे सोडून’ असेच ऐकले. आणि नववे कलम असे होते की, विकणाऱ्याने पाच वर्षे या शहरात जोडे करू नयेत, ‘यादीतून वगळलेल्या वस्तूंवरील घरगुती काम सोडून’. आता यादीतून वगळले काय होते? फर्म. फर्मवर जोडा चढवता येतो का? म्हणजे त्या एका मात्रेने मालकांचे फर्मेही नेले आणि त्यांच्यावर काम करण्याचा हक्कही नेला. काना-मात्रेचाही फरक नाही असे लोक सहज म्हणतात. त्यांना एकदा माझ्यासमोर आणा.

त्या शुक्रवारी कचेरीतच उशीर झाल्याने बारावा तुकडा राहून गेला होता, आणि मी तोवर दुकानातल्या माझ्या खुंटीवर परतलो होतो. रविवारी मालक जावयाला घेऊन, हातगाडी लोटत आम्हाला न्यायला आले, तर दाराला नवे कुलूप. तिथूनच त्यांनी फोन लावला. फोनचा आवाज मोठा ठेवायची त्यांना सवय होती, म्हणून मला दाराआडून दोन्ही बाजू ऐकू आल्या.

“काका, कागद बघा. फर्म तुमची, साहित्य माझं.”

“अहो, फर्मे म्हणजे ही लाकडं! तुम्हीच म्हणालात ना, चूल पेटवायचीय का म्हणून?”

“म्हणालो असेन. कागद काय म्हणतो?”

“आणि मी जोडे कशावर करू?”

“करूच नका. नववं कलम वाचा.”

चूल पेटवली असती तर बरे झाले असते! त्याने सजावट करणारा बोलावला. त्या माणसाने पातळ सुरी घेऊन माझे अकराही तुकडे एकेक करून खरवडले. मग पॉलिश-कागदाने घासले, आणि सव्वीस वर्षांच्या तारखा भुसा होऊन जमिनीवर पडल्या. वर चकचकीत वार्निश, टाचेत स्क्रू. तीनशे बारा पावले भिंतीवर टांगली गेली आणि खाली पाटी लागली, ‘परंपरेची पावले’. लोक समोर उभे राहून फोटो काढू लागले. मी गल्ल्याशेजारी होतो. माझ्या अंगठ्याला बायका पर्सचा पट्टा अडकवीत. परंपरा सोलून काढायची आणि तिची पाटी लावायची, याला निर्लज्जपणा हाच शब्द आहे. मी दुसरा शोधणार नाही.

चौदा महिन्यांत सिस्टरांचा शेवटचा जोडा फाटला. त्या दुकानात आल्या. पोरसवदा विक्रेत्याने त्यांना मऊ तळव्याचा तयार जोड दिला. महिन्याभराने पुन्हा आल्या त्या लंगडत. जखम चिघळली होती, वॉर्ड सुटला होता. आता त्यांना नोंदींच्या खोलीत खुर्चीवर बसवले होते. पैसे परत घेताना त्या गल्ल्याशी, माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. ओळखले नाही.

त्या तिथून थेट मालकांच्या घरी गेल्या. तोवर गप्प बसलेल्या मालकांनी दुसऱ्या दिवशी तक्रार लिहिली. करारात तंट्यासाठी लवाद नेमलेला होता, व्यापारी संघाचे माजी चिटणीस; जन्मभर कापड मोजलेला माणूस. पुरावा म्हणून मला टेबलावर ठेवण्यात आले. दीड वर्ष उशिरा, पण अखेर टेबलावर! त्यांनी मला हातात घेऊन फिरवले, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारले, “ही मात्रा कोणी काढली?”

टंकलेखिका उभी राहिली. “मी. मला वाटलं, काकांची चूक आहे.” ती खोटे बोलली नाही.

लवाद खरेदीदाराकडे वळले. “फर्म विकलेली नाही हे पहिल्या कलमातच आहे. मग यादीत ती पुन्हा वगळायचं कारण? आणि चुलीचं वाक्य तुमचं की नाही?”

“चेष्टेत बोललो हो.”

“मग चेष्टेतच उतरवा भिंतीवरून. फर्मे काकांचे, काम करायची मुभाही काकांची.”

“न्या,” खरेदीदार उठत म्हणाला. “फुकट पॉलिश करून दिलंय, वर आभार तरी माना.”

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, विकाल, विकत घ्याल, सह्या कराल. माझे मागणे एवढेच की, सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ स्वतः वाचा, बोट ठेवून वाचा, आणि जो शब्द समोरच्याला ठाऊक नसेल त्याची वस्तू पिशवीतून काढून त्याच्यापुढे ठेवा. आणि न कळलेला शब्द कधी दुरुस्त करू नका, आधी विचारा. विचारायला अर्धे मिनिट लागले असते.

आम्ही घरी आलो. मालकांनी सिस्टरांचा पाय पुन्हा मापला, पण मापपट्टीला पायाची लांबी-रुंदी कळते; चालताना तो कुठे दुखतो हे कळत नाही. ते त्या अकरा तुकड्यांना कळत होते. मालक आठवून आठवून नवे तुकडे चिकटवीत, काढीत, पुन्हा चिकटवीत. वार्निशावर गोंद धरेना. हाताचा कंप वाढला होता. जो जोडा पूर्वी चार दिवसांत होई, त्याला सहा आठवडे लागले.

मग एका दुपारी त्या आल्या, स्टुलावर बसल्या, जोडा चढवला, नाडी बांधली. उभ्या राहिल्या. दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

“कसा झालाय?” मालकांनी विचारले. “आणि माझ्याशी खोटं बोलायचं नाही.”

त्यांनी मालकांच्या हातांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“चावतो, काका.”