ॲम्प्लिफायरचा सत्कार

"ऐकलं! पोरीनं ऐकलं!"

हॉल दणाणून गेला. बायांनी पदर डोळ्यांना लावले, कुणी नारळ फोडला, आणि मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी भक्तिभावानं माझ्या पायावर पाय दिला. पुढं स्टेजवर लांबलचक सागवानी फळ्यांची बैठक मांडली होती. तिच्या एका टोकाला झेंडूच्या माळांत बुडालेला जुना ॲम्प्लिफायर आणि त्याचा भला मोठा स्पीकर. दुसऱ्या टोकाला, त्यांच्याकडं पाठ करून, अनवाणी बसलेली पाच वर्षांची एक बहिरी मुलगी. भगव्या कफनीतल्या स्वामींनी बटण फिरवलं, स्पीकरमधून खर्जातला 'ओम' घुमला आणि मुलगी गर्रकन वळली. तिनं हसून टाळ्या वाजवल्या. मग काय विचारता!

"भक्तहो," स्वामी नादानंद गरजले, "ह्याला ॲम्प्लिफायर म्हणाल तर जीभ झडेल. हा आत्मप्लिफायर! आत त्या नारिंगी ज्योती दिसतात ना? अडाणी लोक त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. ती चक्रं आहेत, चक्रं! बारा वर्षं हे यंत्र हिमालयाच्या गुहेत तप करत होतं."

हिमालय कसला, मोडनिंब! तिथलं तंबू-थेटर बंद पडल्यावर हा ॲम्प मालकाच्या गोठ्यात कडब्याखाली पडला होता. तपश्चर्या केली असलीच तर उंदरांनी. मला हे ठाऊक आहे, कारण तो मी विकत घेतला होता. मी अण्णाराव. जुने ॲम्प घ्यायचे, नीट करायचे आणि गाण्याच्या शौकिनांना विकायचे, हा माझा धंदा. ह्याच्या कुरतडलेल्या वायरी मी बदलल्या, ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळला, आणि मागच्या झाकणाचा एक लोखंडी स्क्रू मिळेना म्हणून तिथं पितळी बसवला. झेंडूच्या आडून तो स्क्रू मला वाकुल्या दाखवत होता.

स्वामींनाही मी ओळखलं. उन्हाळ्यात ते नुसते रुद्रप्पा होते आणि शर्ट-पँट घालून माझ्या दुकानात आले होते. ॲम्प घ्यायला येणारा माणूस आपली आवडती रेकॉर्ड घेऊन येतो, डोळे मिटून ऐकतो, आवाजात घरघर आहे का बघतो. हा पठ्ठ्या गाणं ऐकायलाच तयार नव्हता. त्यानं स्पीकर लाकडी फळीवर ठेवायला लावला, फळीच्या दुसऱ्या टोकाला तळहात टेकवला आणि म्हणाला, "आजून दणका पायजे." डीजेवाला असेल, असं मला वाटलं.

माझी बायको राजेश्वरी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. स्टेजवरची ती मुलगी, दानेश्वरी ऊर्फ दानू, तिच्याच वर्गातली. दिवाळीपासून पोर शाळेत आली नव्हती, म्हणून तिला शोधत आम्ही इथवर आलो होतो. तिची आई महादेवी मूळची दुधनीची, नवरा इथं सोलापुरात मागावर कामाला. ती आम्हाला दारातच भेटली होती.

"बाई, तुमी रागावू नका," ती म्हणाली होती. "कानाला मशीन लावून पोरगी दोन वर्सं शिकली, आन् शबुद आला एकच, 'अव्वा'. आमच्या कानडीत आई. स्वामी म्हनतात, हितं बसवली की म्हैन्यात घडाघडा बोलंल."

"आणि तो 'अव्वा'?" राजेश्वरीनं विचारलं. "म्हणते अजून?"

महादेवीची मान खाली गेली. "न्हाय बाई. ते बी गेलं."

ते शब्द घेऊनच आम्ही आत आलो होतो. आता राजेश्वरीनं माझा दंड घट्ट धरला आणि स्वामींच्या मागच्या त्रिशुळाकडं बोट केलं. त्याला लाल दोऱ्यांनी मुलांच्या कानाची यंत्रं बांधली होती, नवस फेडल्यासारखी. परकं यंत्र कानात असलं की सिद्ध यंत्र रुसतं, असा म्हणे नियम होता. "ते निळं दानूचं आहे," राजेश्वरी म्हणाली. "बोलायला शिकायचं वय हेच असतं हो. ते उलटून गेलं की नंतर मशीन लावूनही फार उशीर होतो."

माझं डोकंच फिरलं. मी तरातरा स्टेजवर चढलो आणि ओरडलो, "हा ॲम्प माझा आहे! मोडनिंबच्या गोठ्यातला! हा बघा माझा पितळी स्क्रू!"

मला वाटलं, भोंदूचं पितळ आता उघडं पडलं. कसलं काय. स्वामी मंद हसले. "रत्न उकिरड्यात सापडलं, म्हणून त्याची काच होते का?" टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतली कस्तुराबाई नावाची म्हातारी मलाच म्हणाली, "आसंल तुमचा. पर आता शिद्ध झालाय की! तुमच्या हातात व्हता तवा कुटं कुनाला ऐकू आलं?"

मी तोंडात मारल्यासारखा खाली उतरलो. चमत्काराचं मूळ माझ्या स्क्रूत नव्हतंच, पोरीच्या त्या वळण्यात होतं. ती वळली होती, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. बघतो तर राजेश्वरी जागेवर नाही.

ती परत आली ती काखेत चादरींची नवी जोडी घेऊन. हॉलच्या खालीच दुकान होतं. ह्या गावात चादरीचं दुकान शोधावं लागत नाही. स्टेजजवळ जाऊन तिनं हात जोडले.

"महाराज, आमच्या सोलापुरात पाहुणा आला की त्याचा चादर देऊन सत्कार करतात. एवढं सिद्ध यंत्र उघड्या फळीवर? पाप लागेल आम्हाला. यंत्राखाली एक चादर अंथरते, लेकराखाली एक."

स्वामींचा चेहरा पडला. "नको नको, आसन मोडतं."

"मोडतंय कशानं?" कस्तुराबाई उसळली. "सत्काराला न्हाय म्हनू ने महाराज. आंथर गं बाई!" सगळा हॉल तिच्यामागं "अंथरा, अंथरा" म्हणू लागला. जे भक्त स्वामींनी जमवले होते, त्यांनीच त्यांना कोंडीत पकडलं.

राजेश्वरीनं एका चादरीच्या जाडजूड घड्या घालून त्या स्पीकरखाली सरकवल्या. दुसरीच्या घड्यांवर दानूला बसवलं, पाय वर घेऊन. "करा सुरू, महाराज."

ओम घुमला. दानू स्वामींच्या कफनीतून सुटलेला एक दोरा बोटाला गुंडाळत बसली होती, ती गुंडाळतच राहिली. स्वामींनी बटण वाढवलं. लोकांनी कानांवर हात ठेवले. दोऱ्याचा वेढा पूर्ण झाला आणि दानूनं दुसरा सुरू केला.

राजेश्वरीनं मला खूण केली. मी जाऊन ॲम्पची पिन ओढली आणि नारिंगी ज्योती, म्हणजे ती चक्रं, पार विझून गेली. मग तिनं दानूखालची चादर काढली आणि फळीच्या स्पीकरकडच्या टोकाला पदरात गुंडाळलेली मूठ आपटली. आवाज असा काही झालाच नाही. दानू गर्रकन वळली आणि टाळ्या वाजवत हसली, अगदी मघासारखी.

"तिला ऐकू येत नाही," राजेश्वरी म्हणाली, "तिला फळी कळते. आमची मुलं लाकडी स्टेजवर नाचतात, ढोलाचा ठेका तळपायानं धरतात. स्पीकरचा दणका फळीतून तिच्या पायापर्यंत जातो, म्हणून ती वळते. म्हणून अनवाणी, आणि म्हणून ही एकसलग बैठक. तुम्हाला ते जाणवलं नाही, कारण शेजारच्या यंत्रमागांनी ह्या गल्लीत जमीन दिवसभर थरथरत असते. आपल्या पायांना सवय झालीय. ह्या माणसाला ते बरोबर ठाऊक होतं."

खरंच की! शेजारचे माग धडधडत होते आणि जमीन हलत होती. इतकी वर्षं ह्या गावात राहून ती मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवली.

"शंका घेतलीत!" स्वामी किंचाळले. "शंकेनं सिद्धी भंगली!"

"मग शंका बाजूला काढू," मी म्हणालो. मी स्पीकरखालची चादर ओढली आणि पिन लावली. ज्योती पुन्हा तापल्या, ओम घुमला, दानू वळली. "बघा, सिद्धी परत आली! महाराज, तुमची सिद्धी चादरीला घाबरते."

पहिल्यांदा कोण हसलं कुणास ठाऊक, पण मग हसू आवरेना. महादेवी मात्र हसत नव्हती. ती स्टेजवर चढली, त्रिशुळापाशी गेली आणि तिनं तो लाल दोरा दातांनी तोडला. स्वामी आडवे आले.

"सरका," ती म्हणाली. "माज्या लेकीचा येक शबुद व्हता. त्यो खाल्लास तू."

राजेश्वरीच्या पर्समध्ये कानाच्या यंत्रांचे सेल कायम असतात. यंत्र दानूच्या कानावर बसलं. महादेवीनं दोन्ही चादरींची चळत रचली, तिच्यावर लेकीला बसवलं, मागं जाऊन जमिनीवर उभी राहिली आणि हाक मारली, "दानू!"

दानू थबकली. दोरा बोटावरून गळून पडला. ती वळली ती हळूहळू, आवाज कुठून आला ते शोधत. महादेवी मोठ्यानं रडली. मीही रडलो. लाजायचं काय त्यात?

त्यानंतर त्रिशुळाभोवती आयांची झुंबड उडाली. सगळ्याच शहाण्या झाल्या असं नाही. कस्तुराबाईनं नातवाचं यंत्र तिथंच ठेवलं. "म्हैनाभर वाट बगते," म्हणाली. राजेश्वरी आता रोज तिच्या घरी जाते.

रुद्रप्पाची माणसं माझ्या दुकानावर येऊन धमकावून गेली. मी दारावर मोठी पाटी लावली: 'इथले ॲम्प फक्त आवाज मोठा करतात. कान बरे करत नाहीत.' ती उतरवा म्हणतात. उतरवणार नाही. फोडली तर दुसरी, आणखी मोठ्या अक्षरांत लावीन. दानू परवा शाळेत 'अव्वा' म्हणाली. पाटीचं मोल मला त्यातच मिळालं.

लेकराला ऐकू येत नसेल तर डॉक्टरकडं न्या, यंत्र लावा, शाळेत घाला. फळ उशिरा येतं, पण ते खरं असतं. आणि कुणी चमत्कार दाखवतो म्हणाला, तर जरूर जा. फक्त हार-नारळ नेऊ नका. घरातली एक चादर न्या, आणि विचारा, "महाराज, ही खाली अंथरून दाखवता का?"