स्टॉकात जमा झालेला कवडू

प्रताप नगरच्या आमच्या सेवा क्लबात चंपतरावांइतका दयाळू माणूस नाही, आणि त्यांच्या घरातून एखादी वस्तू बाहेर काढू शकेल असा माणूसही नाही. या दोन गोष्टी एकाच अंगात कशा मावतात ते सांगतो.

चंपतरावांनी उभी नोकरी स्टोअरकीपर म्हणून काढली. रिटायर झाल्यावर क्लबानं आजारी माणसांसाठीचं सामान त्यांच्या हॉलमध्ये ठेवलं. दोन वॉकर, एक कमोडची खुर्ची आणि एक चाकाची खुर्ची. गरज पडेल त्यानं फुकट न्यावं, बरं वाटलं की परत आणावं. पण स्टोअरकीपरच्या हिशेबानं आत आलेला माल बाहेर गेला की स्टोअर लंगडं होतं. दर वार्षिक सभेत चंपतराव उठून सांगायचे, "एकाही वस्तूला ओरखडा नाही." आम्ही टाळ्या वाजवायचो. अंगावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं, ओरखडा येणार कुठून?

अशात उन्हाळ्यात कवडूचं खुब्याचं हाड मोडलं. कवडू म्हणजे एकेकाळचा हातमागावरचा विणकर, आता नुसता जिभेवर जगणारा. हाड जुळलं, पाय चालेना. पण त्याचं खरं दुखणं वेगळंच होतं. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जाऊन वामनरावांशी भांडल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे, आणि ते भांडण बंद पडलं होतं.

भांडण जुनं. तरुणपणी दोघं एका लग्नाला नरखेडला निघाले आणि सावनेरच्या पुढे एसटी बंद पडली. कवडू म्हणतो, ती नरखेडपर्यंत एकट्यानं ढकलत मी नेली. वामनराव म्हणतात, मी नेली, हा आत घोरत होता. मीही त्या गाडीत होतो. खिडकीतून झाडं मागे जाताना दिसली, एवढंच मी सांगू शकतो.

बरं, वामनराव कानानं ठार बहिरे. समोर बसून बोट नाचवल्याशिवाय त्यांच्याशी भांडता येत नाही, म्हणजे फोनचा उपयोग शून्य. आणि कवडू खरं कबूल करेपर्यंत त्याचा उंबरठा चढणार नाही, अशी त्यांनी लग्नाच्या पंगतीतच शपथ घेतलेली.

कवडू वाळत चालला. त्याची बायको जनाबाई आमच्याकडे आली. "मानूस मले एक शिवी नाही देऊन राह्यला, भाऊ. दिलं ते गुपचूप खाते. हे लक्षण बरं नाही."

चंपतराव दर रविवारी कवडूला भेटायला जायचे. जाताना बाजारातून नवं ब्लँकेट न्यायचे, मे महिन्यातसुद्धा. खुर्चीचा विषय निघाला की म्हणायचे, "देऊ ना. ऊन उतरू द्या, टायर वितळतात." ऊन उतरलं तर म्हणाले, "पावसात गंजते हो."

शेवटी जनाबाईनं डोकं चालवलं. नवऱ्याला म्हणाली, "खुर्ची बाहेर येत नाही, तर तुमीच आत जा ना."

ऑटोवाल्याच्या मदतीनं तिनं कवडूला चंपतरावांच्या हॉलमध्ये नेलं. "नुसतं बसून पाहतो," कवडू म्हणाला. बसला. प्लास्टिक करकरलं.

"जमली ना? मग उतरा आता," चंपतराव म्हणाले.

"काहून उतरू? खुर्ची घराच्या बाहेर गेली काय? नाही गेली. ओरखडा पडला काय? नाही पडला. मी फक्त बसून राहिलो."

"अहो, पण तुम्ही किती वेळ..."

"मलेही जमा करून घ्या तुमच्या स्टॉकात. प्लास्टिक हवं असन तर घाला अंगावर."

जनाबाई तोवर ऑटोत बसून निघूनही गेली होती. जाता जाता तिनं वामनरावांना खुणेनं सांगितलं की कवडू परक्या घरी आहे. परक्या उंबरठ्याला शपथ लागू नव्हती. वामनराव चपला घालायलाही थांबले नाहीत.

"काय गा, झोपाळू," दारातूनच ते ओरडले.

"ये ये, फुकट्या. गाडी ढकलून दमला असशीन."

पुढचं काय सांगू. भांडणाच्या वाऱ्यानं कूलर उलटा फिरू लागला. समोरच्या घरातला पोपट पिंजऱ्याचं दार स्वतः लावून घेऊ लागला. चंपतरावांच्या पत्नी नंदिनीताई दोघांना पोहे करून घालत आणि मध्येच विचारत, "पण चढावर कोणी ढकलली?" की भांडण नव्यानं पेटे. कवडूच्या गालावर मांस चढलं. रात्री तो दिवाणावर झोपे आणि उजाडताच खुर्चीत बसे. चंपतरावांची मात्र दुपारची झोप कायमची गेली.

एका सकाळी ते उठले, खुर्चीच्या मुठी धरल्या आणि म्हणाले, "चला तुमच्या ठेल्यावर."

उंबरठ्याशी डोळे मिटून त्यांनी खुर्ची बाहेर काढली. खिशातल्या फडक्यानं चाकं पुसत, खड्डे चुकवत, घाम गाळत ते कोपऱ्यापर्यंत गेले. वामनराव मुठीवर एक बोट टेकवून बाजूनं चालत होते.

ठेल्यावर पोहोचताच वामनरावांनी जाहीर केलं, "आणलं बुवा याले. एकट्यानं ढकलत आणलं."

चंपतरावांचं तोंड लाल झालं. "तुम्ही? अहो, मी ढकललं."

"दोघंही खोटं बोलून राहिले," कवडू म्हणाला. "चाकं मीच फिरवली."

त्या दिवशी कवडू खुर्चीसकट आपल्या घरी गेला. तेव्हापासून चंपतराव रोज सकाळी कवडूच्या घरी हजर असतात, त्याला स्वतः ढकलत ठेल्यावर आणतात आणि ऊन चढेपर्यंत भांडतात. त्या वेळात नंदिनीताईंनी दोन्ही वॉकर आणि कमोडची खुर्ची गरजूंच्या घरी पोहोचवून दिली. हॉल रिकामा झाल्याचं चंपतरावांच्या लक्षात आलं, पण त्यांना बोलायला सवड नव्हती. ते दुसऱ्या दिवशीचे मुद्दे पाठ करत होते.

परवा त्यांनी मला साक्षीला बोलावलं. मी ठेल्यावरच होतो, हे खरं आहे. खुर्ची येताना दिसलीही. पण तर्री फार झणझणीत होती हो, डोळ्यांत पाणी आलं. मागे कोण होतं, ते काही दिसलं नाही.